हद्दीपलीकडे ओळख द्यायची नाही

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे माझ्या आवडत्या बारबद्दल लिहायचं म्हटलं, की मला दुसऱ्या जिल्ह्याबद्दल लिहावं लागतं.

हे मी अत्यंत गंभीरपणे सांगतो आहे. सेलूत माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. गावात लोक मला ‘सुधाकरभाऊ’ म्हणतात, गणपतीच्या मंडळाचा नारळ माझ्या हातून फुटतो आणि शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाचा मी एकदा अध्यक्षही होतो. (भाषण चांगलं झालं. अनुभवाचे बोल होते!) आता बंदी आहे म्हणून जिल्ह्यात ती मिळतच नाही, असं म्हणणारा माणूस एक तर भोळा किंवा सरकारी. पण जी मिळते ती कशात शिजवलेली असते, देव जाणे. शिवाय ती आणायला ज्या बोळीत शिरावं लागतं, त्या बोळीच्या तोंडाशीच माझ्या चुलत सासूबाईंचं घर. मग अब्रूदार माणसानं काय करायचं? नागपूर रस्त्याला लागायचं, केळझर मागे टाकायचं, जिल्ह्याची हद्द संपल्याचा फलक दिसला की मनातल्या मनात हात जोडायचे, आणि फलकापलीकडे शंभर पावलांवर गाडी लावायची.

तिथे गुलाबरावचं टिनाचं शेड होतं. परवाना रीतसर होता. खिडकी मात्र एकही नव्हती. नाव असं काही नव्हतंच. आम्ही सगळे त्याला ‘हद्द’ म्हणायचो. एक माठ, स्टीलचे पेले, चण्याच्या प्लेटा, वर चिरलेला कांदा, आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कण्हायचा जास्त. बाकं दोन्ही बाजूंच्या भिंतींसमोर, आणि बसणाऱ्यांची तोंडं भिंतीकडे! शेड इतकं अरुंद, की या भिंतीकडे पाहणाऱ्याची पाठ त्या भिंतीकडे पाहणाऱ्याच्या पाठीला टेकायची. अशा रीतीनं वर्धा जिल्ह्यातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी संध्याकाळी पाच ते सात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची.

कारण हद्दीचा एकच नियम होता. हद्दीपलीकडे ओळख द्यायची नाही. कोणी आलं तर पाहायचं नाही, पाहिलं तर ओळखायचं नाही, आणि ओळखलं तर फलकाच्या अलीकडे आल्यावर विसरून जायचं. गुलाबराव स्वतः या बाबतीत फार कडक होता. कोणी नव्या माणसानं “अरे, तुम्ही तर आर्वीचे ना?” अशी सुरुवात केली, की गुलाबराव त्याचा पेला उचलून घ्यायचा. “भाऊ, इथं कोणी कुठचाच नसते. बसाचं असंन तर बस, नाई तर घरी जाऊन ओळखी काढ.”

नियम किती पक्का होता ते सांगतो. एकदा मी बसलेलो, आणि माझ्या पाठीला पाठ लावून जे गृहस्थ टेकले, ते माझे सख्खे काका! माळकरी नव्हते, पण गावाला तसे वाटायचे. मी भिंतीवरची पाल पाहत राहिलो. काकांनीही त्यांच्या वाट्याची भिंत पाहिली. दोघांनी आपापलं आटोपलं आणि दहा मिनिटांच्या अंतरानं निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले.

“काय रे सुधाकर, काल नागपूरले गेलता म्हणे?”

“हो काका. माल पाहाले गेलतो.”

“भेटला?”

“भेटला. तुम्ही?”

“मी कायले जातो बाप्पा! घरीच होतो.”

आणि मी वाकून पाया पडलो. काका वारले तोवर हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

तर अशा त्या हद्दीवर माझी एका माणसाशी अठरा वर्षांची मैत्री होती. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. गाव माहीत नव्हतं. तोंडसुद्धा मी अर्धंमुर्धंच पाहिलेलं, येता-जाता, चोरून. दर शुक्रवारी माझ्या मागच्या बाकावर तो असायचा. बारा महिने तेरा काळ तोंडाभोवती तपकिरी मफलर. मे महिन्यात विदर्भातली माणसं कातडी काढून ठेवायला तयार असतात, तेव्हाही मफलर! मी मनात त्याला ‘मफलरवाले’ म्हणायचो. पाठीवरून माणूस किती कळतो, हे तुम्हाला सांगून पटायचं नाही. कापसाला भाव चांगला असला की त्याची पाठ सैल असायची. पाऊस लांबला की ताठ. मी एखाद्या शुक्रवारी गेलो नाही, तर पुढच्या शुक्रवारी तो माझ्या बाकाकडे पाहून एकदा खाकरायचा. म्हणजे ‘कुठं होते बाप्पा?’ मी उलट खाकरायचो. म्हणजे ‘पोरीची परीक्षा होती.’ आता त्याला ‘पोरीची परीक्षा’ एवढं कळत होतं की नाही, ते सोडा.

एका शुक्रवारी मात्र त्याची पाठ हलायला लागली. आधी मला वाटलं, हसतोय. मग कळलं, तो रडत होता. आवाज नाही, काही नाही. नुसती पाठ. माझ्या पाठीला ते सगळं लागत होतं. मला वळावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण नियम! गुलाबराव माझ्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत ‘नाई’ असं स्पष्ट होतं. शेवटी मी न वळता माझी चण्याची प्लेट बाकावरून मागे सरकवली. बराच वेळ ती तिथेच होती. मग दोन-चार चणे उचलल्याचा आवाज आला. एवढंच. मी घरी आलो, आणि त्या रात्री जेवलो नाही. माणूस आपल्या पाठीशी रडला आणि आपण भिंत पाहत बसलो, याची लाज मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली.

पुढे हद्द बदलली. आधी टिन गेलं, स्लॅब पडला. मग ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी लागली आणि आत प्लायवूडच्या केबिनी झाल्या, प्रत्येकीला पडदा. (म्हणजे आता न ओळखण्यासाठी मेहनतच घ्यावी लागेना! त्यात काय मजा?) माझ्या पाठीमागे पाठ राहिली नाही, प्लाय आलं. मफलरवाले शेजारच्या केबिनीत खाकरायचे, पण प्लायमधून ते नीट लागत नव्हतं. मग रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले, अर्धी इमारत पाडली, गुलाबरावनं धंदा गुंडाळला असं कानावर आलं. इकडे माझी शुगर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, बंद. मी बंद केली. आता मफलरवाले कुठे बसत असतील, असतील तरी की नाही, हे विचारायचं कोणाला? त्या माणसाच्या घरी वाईट झालं असतं, तर सांत्वनाला जाण्याइतकाही पत्ता माझ्याजवळ नव्हता. पाच वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझी मुलगी अश्विनी नागपूरला एका लॅबमध्ये नोकरी करते. तिच्या लग्नाच्या खटपटीत माझं रेकॉर्ड फारसं चांगलं नाही. पहिल्या स्थळाच्या मामाला मी दोन तास बोंडअळी समजावून सांगितली. दुसऱ्या स्थळाच्या घरी मी सोफ्यावर झोपलो. त्यामुळे या तिसऱ्या वेळी तिनं मला अंगणात उभं करून ताकीद दिली.

“बाबा, हा पोरगा मले पसंत आहे. तीन महिन्यांपासून आम्ही फोनवर बोलून राह्यलो. त्याले आई नाई, आत्यानं सांभाळलं. आत्या कडक आहे, पण चांगली आहे म्हणते. तुम्ही फक्त नमस्कार करजा, दोन शब्द बोलजा आन चूप बसजा. हे मोडलं ना बाबा, तर मी दुसरं पाहणार नाई.”

तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, “बेटा, मी नमस्काराशिवाय काहीच करणार नाई.” (बघा, माझ्या तोंडाला काय काळजी असते!)

मुलगा तुषार, सिंदी रेल्वेचा, बुटीबोरीला कंपनीत इंजिनियर. वडिलांची सिंदीला कापसाची अडत. पहिली भेट घरी नको, कुठे तरी मधे बाहेर जेवू, असं पोरांनीच ठरवलं. “मी पोह्याच्या प्लेटा घेऊन येणार नाई,” असं अश्विनीचं म्हणणं. जागा तुषारनं निवडली. छानसं फॅमिली गार्डन, लॉन, झोपाळे, मोठी काचेची खोली. रविवारी दुपारी एक वाजता.

अश्विनी गाडी चालवत होती, शेजारी तिची आई शालू, मागे मी आणि पेढ्यांचा डबा. केळझर गेलं. हद्दीचा फलक आला. माझे हात मनातल्या मनात आपोआप जुळले. आणि शंभर पावलांवर गाडी डावीकडे वळली!

मी डबा घट्ट धरला.

“काऊन जी, काय झालं?” शालूनं वळून विचारलं. “एवढा घाम काऊन आला तुम्हाले?”

“ऊन आहे ना.”

“गाडीत एसी चालू आहे.”

हद्द ओळखू येत नव्हती. जिथे टिनाचं शेड होतं तिथे कारंजं. जिथे आमच्या गाड्या लपायच्या तिथे ‘सेल्फी पॉइंट’ आणि प्लास्टिकचा मोर. आत काचेची खोली, तिथे एका लहान पोराचा वाढदिवस चालू, केक, फुगे, आयाबाया. आणि दाराशी गल्ल्यावर, पांढऱ्याशुभ्र केसांचा, चष्मा लावून बसलेला गुलाबराव! मी शालूच्या मागे सरकलो. पण गुलाबराव म्हणजे गुलाबराव. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला आरपार पाहिलं, आणि थंडपणे म्हणाला, “या जी, फॅमिली का? किती जण?” मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण माणसाचं डोकं एकीकडे आणि अंग दुसरीकडे, असं माझं झालं. त्याच खोलीत मागच्या भिंतीजवळच्या टेबलाशी गेलो, खुर्ची ओढली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

“बाबा!” अश्विनी दबक्या आवाजात ओरडली. “भिंतीकडे काय पाहून राह्यले?”

“रंग चांगला आहे,” मी म्हणालो.

शालूनं हात धुवायची जागा विचारली. वेटर काही बोलायच्या आत मी म्हणालो, “मागच्या दारानं जा, डावीकडे, तिथली पायरी फुटकी आहे, सांभाळजो.” ती गेली आणि परत आली. “तिथं तर माशांची टाकी आहे. आन तुम्हाले कसं माहीत, तिथं पायरी होती म्हणून?” ‘होती’ हा शब्द तिनं अशा काही सुरात म्हटला की मी पुन्हा भिंतीचा रंग पाहायला लागलो.

तेवढ्यात ते लोक आले. पुढे तुषार, मुलगा खरंच देखणा, हसतमुख. मागे आत्याबाई, नऊवारीसारखी कडक चापून नेसलेली सहावारी, हातात पर्स. आणि त्यांच्या मागे वडील. एप्रिलची दुपार, बाहेर डांबर वितळतंय, आणि या माणसाच्या तोंडाभोवती तपकिरी मफलर!

“बाबा, गाडीतून उतरता उतरता हे काय गुंडाळलं तुम्ही?” तुषार म्हणत होता. “काढा ना, किती गरम होते!”

मी उभा राहिलो होतो. हात नमस्कारासाठी छातीपर्यंत आले होते. त्यांचेही आले होते. आमची नजरानजर झाली. आणि काय सांगू! अठरा वर्षांची सवय. माझी मान फिरली, मानेमागे खांदे फिरले, खांद्यांमागे मी. जोडलेले हात तसेच, आणि नमस्कार केला तो भिंतीला! तिकडे ते कर्रकन वळले आणि त्यांचा नमस्कार माशांच्या टाकीला गेला. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप पहिल्या भेटीत पाठीला पाठ लावून उभे!

“दादा, पाव्हणे इकडे हायेत,” आत्याबाई म्हणाल्या.

“अहो, ते आले ना!” शालूनं मला चिमटा काढला. “इकडे पाहा.”

आता माझ्या तोंडून काय निघावं? “कोण? मी नाई ओळखत यांले.”

आणि टाकीकडून उत्तर आलं, “मी बी नाई ओळखत. मी इथं कधी आलोच नाई.”

“आलोच नाई?” आत्याबाईंनी पर्स टेबलावर आपटली. “मंग आत्ता कोण आलं? दादा, काय चाललं हे?”

“आत्या, बसू ना आपण,” तुषार बिचारा खुर्च्या ओढत होता. आम्ही बसलो. म्हणजे मी माझी खुर्ची भिंतीकडे वळवली, त्यांनी त्यांची टाकीकडे वळवली, आणि आमच्या पाठी एकमेकींना बरोबर टेकल्या. काय सांगू, ती पाठ टेकली तेव्हा मला गहिवरून आलं. माणूस जिवंत होता! मी खाकरलो. ते खाकरले. पाच वर्षांनी!

इकडे आत्याबाईंचा आवाज चढत होता. “असा नमस्कार पाह्यला नाई मी जन्मात! पोरीच्या बापाले आमचं तोंड पाहाचं नाई, तर आम्हाले बोलावलं कायले? तुमचं आमच्या दादासंग वैर हाय का काही? वावराचं भांडण? कोर्टकचेरी? सरळ सांगा!”

“नाई वो ताई,” शालू गयावया करत होती. “हे असे नाईत. हे झोपतात, बोंडअळीवर बोलतात, पण असं नाई करत कधी.”

“मंग ते तिकडे काऊन पाहून राह्यले?”

“रंग पाहून राह्यलो,” मी म्हणालो. अश्विनीनं कपाळावर हात मारला.

“मासे पाहून राह्यलो,” मागून आवाज आला.

“चाल रे तुषार,” आत्याबाई उठल्या. “इथं काही तरी भानगड आहे. ज्या घरची माणसं आपल्या तोंडाकडे पाहत नाईत, तिथं सोयरीक नाई कराची. ऊठ दादा.”

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. अश्विनी उठून उभी होती. तुषार तिच्याकडे पाहत होता आणि ती टेबलावरच्या पेढ्यांच्या डब्याकडे. तिचा खालचा ओठ थरथरत होता. लहानपणी पडली की अशीच व्हायची, रडायच्या आधी. आणि मला वाटलं, सुधाकर, एकदा याच जागी तुझ्या पाठीशी माणूस रडला आणि तू वळला नाहीस. आता तुझी पोरगी रडणार आहे. आता तरी वळ!

मी वळलो. खुर्चीसकट वळलो, खुर्ची पडली. मी उभा राहिलो आणि एकदम मोठ्या आवाजात बोललो, कारण हिंमत बारीक आवाजात येत नाही.

“ताई, वैर नाई! या माणसाची आन माझी अठरा वर्षांची ओळख आहे. दर शुक्रवारी आम्ही दोघं इथं दारू प्यायले येत होतो!”

नेमका त्याच वेळी वाढदिवसाचा आनंदकल्लोळ संपून मेणबत्त्या विझल्या होत्या. काचेच्या खोलीत चिडीचूप. केक कापणारी आई सुरी धरून माझ्याकडे पाहत होती. आणि गल्ल्यावरून गुलाबराव ताडकन उठला, दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला, “सुधाकरभाऊ! असं नाई कराचं! अठ्ठावीस वर्षांत असं कोणी नाई केलं!”

(म्हणजे याला माझं नाव माहीत होतं!)

“दारू?” आत्याबाई खुर्चीत बसल्या. “दादा? तू पेतो?”

ते हळूहळू वळले. मफलर सोडला, घडी केली, टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच मी त्या माणसाचं तोंड पूर्ण पाहिलं. पाठीपेक्षा बरंच म्हातारं होतं.

“पेत होतो,” ते म्हणाले. “आता नाई पेत. तुही वहिनी गेली, तिच्या तेराव्यानंतरच्या शुक्रवारी मी इथं आलो. घरी सगळे येत होते, सगळे बोलत होते. मनोहर, असं कर, मनोहर, तसं कर, पोराकडे पाहा, धीर धर. रडाले जागाच नव्हती ना बाई. इथं येऊन मी रडलो. या माणसानं मागं वळून नाई पाह्यलं. एक शब्द नाई बोलला. चण्याची प्लेट तेवढी सरकवली.” ते माझ्याकडे वळले. “भाऊ, मी तुम्हाले शोधलं किती! पण नावच माहीत नाई, तर विचारू कोणाले?”

“मले वळायले पाह्यजे होतं,” मी म्हणालो. “आजवर त्याची लाज वाटते मले.”

“नाई हो. वळले असते, तर मी उठून गेलो असतो. बरं केलं, नाई वळले.”

तुषार वडिलांकडे पाहत होता. “बाबा,” तो एवढंच म्हणाला, “घरी तर तुम्ही एकदाही रडले नाई. मले वाटे तुम्हाले काही वाटलंच नाई.” मनोहररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि मधेमधे रागावतही होत्या.

शेवटी त्या रागालाच धरून म्हणाल्या, “ते सारं खरं. पण दादा, पेणाऱ्याच्या घरची पोरगी कराची?”

“मंग आपण कोणाच्या घरचे?” मनोहरराव म्हणाले. “आन हे पाहा बाई, या माणसानं अठरा वर्षं माझं गुपित बायकोलेही नाई सांगितलं. अशा घरची पोरगी आपल्या घरातलं बाहेर नेणार आहे का? मले पसंत आहे. पोरांले तर आधीच आहे.”

अश्विनीनं डबा उघडला आणि पहिला पेढा आत्याबाईंच्या हातावर ठेवला. आत्याबाईंनी तो थोडा वेळ तसाच धरला, मग खाल्ला. अशी आमची सोयरीक जमली. शेजारच्या वाढदिवसाचा केकही आला, कारण त्या खोलीतल्या एकूण एक माणसानं सगळं ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर केळझर आलं. शालू म्हणाली, “दर शुक्रवारी माल पाहाले जात होते, नाई का?”

“हो.”

“मले एक सांगा. अठरा वर्षं माल पाह्यला, आन दुकानात एकदाही नवा माल आला नाई. हे मले दिसत नव्हतं, असं वाटे का तुम्हाले?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे निदान भिंत नव्हती.

तुम्हाला वाटेल, आता या दोन बापांची चांगलीच गट्टी जमली असेल. तसं नाही. आमच्याकडे इवाई, म्हणजे व्याही, हा फार औपचारिक प्राणी आहे. दुपट्टा-टोपी, मानपान, ‘बसा’, ‘नाई नाई, आधी तुम्ही बसा’. साखरपुड्यानंतर मनोहरराव आणि मी मुद्दाम एका शुक्रवारी हद्दीवर गेलो. दोघांनाही डॉक्टरांची बंदी, म्हणून लस्सी मागवली. समोरासमोर बसलो. आणि सांगतो, अर्धा तास आम्हाला एक वाक्य सुचेना! पाऊस कसा आहे, बरा आहे. कापूस कसा आहे, बरा आहे. शेवटी तेच म्हणाले, “इवाईबुवा, तोंडाकडे पाहून घोट उतरत नाई हो.” आम्ही खुर्च्या फिरवणार, तोच गुलाबरावचा मुलगा धावत आला. “काका, असं नका बसू, गिऱ्हाइकांले वाटते भांडण झालं. समोर पाहून बसा, नाई तर सेल्फी पॉइंटवर जा.” आम्ही लस्सी तशीच ठेवून निघालो. मनोहररावांनी गाडीपाशी थांबून एकदा त्या कारंज्याकडे पाहिलं, आणि मग दोघंही आपापल्या रस्त्यानं गेलो.

लग्न सेलूतच लागलं. गर्दी चांगली जमली, जेवण चांगलं झालं, आत्याबाई कोणावरही रागावल्या नाहीत. मग पाठवणीची वेळ आली. अश्विनी रडत होती, शालू रडत होती, गाडी फुलांनी सजून दाराशी उभी. मी कोरडाच होतो. पोरगी चांगल्या घरी चालली आहे, रडायचं कशाला, असं स्वतःला बजावत होतो. तेवढ्यात मनोहरराव निरोप घ्यायला आले. दुपट्टा सावरला, वाकून नमस्कार करायला लागले, आणि मला काय झालं कोण जाणे. मी त्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडायला लागलो. तेही रडायला लागले. अठरा वर्षांचे शुक्रवार, ते टिनाचं शेड, न बोललेलं सगळं एकदम बाहेर आलं. मांडवातल्या बायका म्हणाल्या, “बापाचा जीव पाहा बाई पोरीवर किती!” बँडवाल्यानं चाल बदलली. कोणी पाणी आणलं. आम्ही काही सुटेना.

शेवटी गाडीच्या दारात एक पाय टाकून उभ्या असलेल्या माझ्या मुलीनं डोळे पुसले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “बाबा, सासरी मी चालली!”